गिलेम मनातून कुणाचा होता

१४ जानेवारी, ॲन आर्बर
गाइडने चॅप्टर परत दिला. तिचं म्हणणं, सैनिक इंटरेस्टिंग आहे, पण त्याच्यावर पीएच.डी. उभी राहत नाही.
माझा गिलेम. तेराव्या शतकातला, दक्षिण फ्रान्समधला साधा तिरंदाज. ना सरदार, ना संत. दर रविवारी चर्चमध्ये जायचा. वेढ्यात जखमी झाला तेव्हा मात्र चर्चने पाखंडी ठरवलेल्यांना बोलावून आशीर्वाद घेतला. बरा झाल्यावर परत चर्च. पुढे चर्चच्या चौकशीत दोन्ही कबूल. मनातून कुणाचा होता, कळायला मार्ग नाही. तसा मार्ग कधी नव्हताच. हे मला आधी का कळलं नाही...
थंडी भयंकर. बस गेली, पुढची येईना.

१९ जाने.
नागपूरहून नितीनचा फोन. बाबांना परत ॲडमिट केलंय. आता किडनीही. "ताई, येतेस का?"
माझा अमेरिकेचा व्हिसा स्टॅम्प संपलाय. गेले तर परत येता येईल का, कुणीच नीट सांगत नाही. बघते म्हणाले. बघते!

२२ जाने.
व्हिडिओ कॉल. बाबांनी ओळखलं नाही बहुधा. आईने त्यांच्या कपाळाला देवीचा अंगारा लावला होता. बाबांच्या! आयुष्यभर घरात देव्हारा ठेवू दिला नाही त्यांनी. आईचे देव कपाटात, साड्यांच्या मागे.
मी ओरडलेच, "आई, काय करतेस हे?"
"पुसला नाही त्यांनी."
मागून नितीन, "अगं, त्यांचा हात तरी उचलतोय का?"

२३ जाने.
काहीच केलं नाही. गिलेमच्या जबाबाचं पान उघडून बसले.

२६ जाने.
तिकीट काढलं, उद्याचं. गाइड म्हणाली, जा. "परत आलीस तर नव्या विषयाचं बोलू." आलीस तर.

२७ जाने., डेट्रॉइट एअरपोर्ट
बाबा गेले. मी टॅक्सीत होते.
नितीन म्हणतो, देहदान. बाबा सगळ्यांना तेच सांगत आले, विधी नकोत, काही नको. मेडिकल कॉलेजची गाडी यायचीय. आई म्हणते, अग्नी द्यायचा, तेरावं करायचं.
"शेवटी ते बदलले होते गं. तू नव्हतीस. मी होते."
"काही बदलले नव्हते," नितीन. तोही तिथेच होता.
दोघंही खोटं बोलत नाहीत. आणि मी, कुणी काय मानलं हे शोधायला इथे आलेली...

बोर्डिंग सुरू झालं. नितीनचा परत फोन. "ताई, तू मोठी. तू म्हणशील ते. पण आत्ता सांग."
मग आईने फोन घेतला. रडत नव्हती. "बोल बाळा. तू सांगशील तसं करू."
मी फोन कानाला धरून रांगेत पुढे सरकले. फोन कट झाला असं वाटलं तिला. नुसती हॅलो, हॅलो करत राहिली.