एकशे बारा हजर

३ जुलै, सकाळी सात
बिशपांच्या कचेरीतून पत्र. गावात राहणारे ख्रिस्ती किती, मुसलमान किती, ख्रिस्त्यांची नावांसह यादी पाठवा. ख्रिस्ती वीसच्या खाली असतील तर फादर बुत्रोस खालच्या गावी जाणार. आमचं चर्च फक्त सणाला उघडणार. फादरांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, द्या इकडे. एकतीस वर्षं शाळा चालवली आहे. गैरहजर मित्राची 'हजर' दिली म्हणून शेजारच्या मुंतहाच्या मुलाला, हैथमला, भर वर्गात छडी मारली होती. हजेरीत खोटं मला चालत नाही.
संकल्प: तीन दिवसांत काम. भावना बाजूला.

५ जुलै
ख्रिस्ती घरं झाली. नऊ माणसं. मी आणि फादर धरून. वहीत अजून लिहिलं नाही. कान तापलेत. उन्हात फार फिरले.

६ जुलै
शांतपणे विचार केला. 'राहणारे' म्हणजे काय? माझ्या फारिसचं नाव सरकारी दप्तरात याच गावात आहे. माणूस माँट्रियलला गेला म्हणून नाव जात नाही. त्याच्या चपला अजून माझ्या दाराशी आहेत. फारिस, सून, दोन मुलं धरली. मग एकाला न्याय तो सर्वांना. ब्राझीलवाले, ऑस्ट्रेलियावाले. शाहीनकाका माझ्या लग्नाआधीच साओ पावलोला गेले. आज एकशे सहा वर्षांचे असतील. मेल्याचा कागद आलेला नाही. धरले.
एकूण एकशे बारा.

८ जुलै
वरच्या आळीतली मुसलमान घरं. इथे नियम कडक: काल रात्री घरात झोपला तोच. मुंतहाने तुतीचं सरबत दिलं. तिच्या घरी सात माणसं. पण हैथम आठवडाभर बैरूतला ट्रक चालवतो, वगळला. मुलगी त्रिपोलीत नर्सिंग शिकते, वगळली. नात अडीच महिन्यांची, दप्तरात नाव नाही; वगळली. चार लिहिले.
मुंतहा वहीत डोकावून म्हणाली, "अगं फारिसच्या आई, माझी तीन माणसं कुठे पळवलीस?" मी म्हटलं, ही शास्त्रीय पद्धत आहे. म्हणाली, "शास्त्र तुझं. भांडी मला सातांची घासावी लागतात."
मग विचारलं, मोजतेस कशासाठी? सरकारी काम आहे, असं सांगितलं. पुन्हा कान तापले. टोपी घालायला हवी.
मुसलमान एकूण चौसष्ट. म्हणजे बहुमत आमचं. मी भेदभाव मानत नाही. गणितच तसं आहे.

१० जुलै
यादी रवाना. फादर चाचरत म्हणाले, "बाई, एकशे बारा? मग रविवारी मी खांबांना प्रवचन देतो का?" मी वही मिटली. साधा माणूस. आकडेवारी कळत नाही.

१५ जुलै
बिशपांचं उत्तर. अतिशय आनंद झाला म्हणे. वीस तारखेला, आमच्या चर्चचे संत मार इलियास यांच्या सणाला, स्वतः येतील. यादीतलं एकेक नाव वाचून आशीर्वाद देतील.
फारिसला फोन केला. म्हणाला, "आई, पाच दिवसांत कसा येऊ? आणि तू मला कशात मोजलंस?" लाइन खराब होती. मीच ठेवला.

१९ जुलै
काळजी नाही. बिशपांचं वय झालंय. पाच-दहा नावं वाचून थकतील.

२० जुलै, दुपारी तीन
थकले नाहीत.
पुढच्या बाकांवर आम्ही आठ, फादर वेदीपाशी. मागे एकदम गलका. मुंतहा आत येत होती, कडेवर नात, मागे हैथम, नर्सिंगवाली, अख्खी वरची आळी. दरवर्षी अंगणात मेणबत्ती लावून जातात, कारण मार इलियासलाच ते आपला संत खिज्र मानतात. आज आत आले. माझ्या शेजारी टेकून मुंतहा कुजबुजली, "फादरांनी सगळं सांगितलं. अगं, तुमची घंटा बंद झाली तर मी सकाळी उठू कशी? मला आधी सांगायचंस ना."
बिशपांनी यादी उघडली. "फारिस तन्नूस?"
मी मान खाली घातली. मागून खणखणीत आवाज आला, "हजर!"
हैथम.
पुढचं नाव. "हजर!" नर्सिंगवाली. मग सगळी आळीच सुरू झाली. शाहीनकाकांची 'हजर' मुंतहाच्या नवऱ्याने दिली, तीही म्हाताऱ्याचा आवाज काढून. पोरं फिदीफिदी हसली. बिशप वाचतच होते, पण आता यादीकडे नाही, माझ्याकडे बघत.
मी उठून उभी राहिले.
"गैरहजर," म्हटलं. "हे सगळे गैरहजर. यादी माझी."
 हैथमकडे बघता आलं नाही.

२१ जुलै
फादर सप्टेंबरअखेर जाणार. बिशप रागावले नाहीत. "दमला असाल बाई, बसा," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.
मुंतहाने भरल्या द्राक्षपानांचं भांडं पाठवलं. मी सरकारी काम म्हणून सांगितलं होतं, त्याबद्दल एक शब्द नाही.
वही उघडली. ख्रिस्ती: नऊ. मुंतहाचं घर: चार खोडून सात.
आज ढग आहेत. ऊन अजिबात नाही. कान तापलेलेच.