कोपरापर्यंतची सुरमई

शुक्रवार, संध्याकाळ

आजचीही सुट्टी आखातातल्या या मत्रह बंदराच्या खडकांवर गळ टाकण्यात गेली. एके काळी इथली सुरमई खाऊन कंटाळायचो आम्ही! निघता निघता सलीमभाईंच्या गळाला एक लागली, जेमतेम वीतभर. बोटांच्या टोकापासून हातावर लांब धरायची, कोपरापर्यंत पोचली नाही तर परत पाण्यात, हा नियम त्यांनीच मला शिकवलेला. ही कशीबशी मनगटापर्यंत.

"सोडा, भाई," मी म्हटलं.

"कोपराएवढी आता राहिलीय कुठं? खलास!" म्हणत त्यांनी ती माझ्याच पिशवीत टाकली.

मी का नाही सोडली? कोपर तर मलाही आहे.

बायकोने तळली. काटे काढावेच लागले नाहीत, इतके कोवळे. चावून खाल्ले.