सरांचं वाक्य आणि तुमचं

ती. बाबांना नमस्कार,

मी ठीक आहे, जेवणखाण वेळेवर आहे, आईला सांगा. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे लिहितेय.

खेळाडूंची ताकद कशी वाढवायची, हे इथे आम्हा शिकाऊ प्रशिक्षकांना शिकवताना सगळ्यात आधी सांगतात की खांद्यावर रिकामा रॉड घेऊन बैठक नीट जमली तरच वजन चढवायचं. आणि काल आमच्या मोठ्या सरांनीच एका उंच उडीवाल्या मुलीच्या रॉडला जड प्लेट्स लावल्या, का तर स्पर्धा तोंडावर आलीय. बसताना तिचे गुडघे आत वळत होते. मी म्हणाले, "सर, तिला दुखतंय."

"दुखल्याशिवाय ताकद येते का?"

मी तिला रॉड स्टँडवर ठेवायला लावला आणि प्लेट्स काढल्या. सरांनी सगळ्यांदेखत मला व्यायामशाळेबाहेर काढलं. ती मुलगी लंगडत माझ्यामागे आली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. गुडघा सुजलाय, पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाल्या.

सरांचा राग आलाच, पण बाबा, त्याहून जास्त तुमचा आला. दादाची कंबर धरली तेव्हा मैदानावर तुम्हीही हेच म्हणाला होतात. आता त्याला खाली वाकता येतं का? आई नुसतं "बरा आहे" म्हणते.

आता धाकटीला पळायला नेताय म्हणे. ती दुखतंय म्हणाली की तिथेच थांबवायचं. नाहीतर मी येऊन तिला इकडे घेऊन जाईन, मग कितीही रागवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
मधली