कुत्र्यानं अंगावर घेतलेलं मरण

बाबा, आज इथल्या डॉक्टरनी एका कुत्र्याचं पोट उघडलं आणि मला शिरवणे गावातलं आपलं अंगण दिसलं. मी मस्कतला जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुतो. कुठंच न टिकणारा तुझा पोरगा इथं टिकलाय, बघ. कुत्र्याच्या आतड्यात मुठीएवढी गाठ होती. आपल्या कुत्र्याच्या पोटाला हात लावला की लागायची, तशीच.

त्या साली तुझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. भाकरीचा अर्धा तुकडा तू खायचास, अर्धा कालवणात बुडवून त्याला द्यायचास. वाशीच्या डॉक्टरनी दुर्बीण टाकून बघू म्हणून तारीख दिलेली. त्याआधी कुत्राच ओकायला लागला, वाळला आणि एका सकाळी चुलीजवळ ताठ झालेला सापडला. आपण त्याला खाडीच्या बांधाला पुरतो. आय तुझ्यावरून नारळ ओवाळून फोडते, म्हणते, "तुजा मरान त्यानी आंगावर घेतलान. आता तुला काय होत नाय." तू हसतोस. "म्हंजे आता माज्यापासून तुजी सुटका नाय!" किती दिवसांनी हसला होतास. दुर्बिणीच्या तारखेला तू जाळं घेऊन खाडीवर गेलास. घरात कुणीच अडवलं नाही. सगळ्यांना हलकं वाटत होतं.

शिमग्याच्या आधी तू गेलास. आय अजून अवसेला बांधावर भाकरी ठेवते. एकदा फोनवर मी चिडून विचारलं, कुत्र्यानं घेतलं तर बाबा गेला कसा? म्हणाली, "बिचाऱ्याचा आंग ल्हान. मावला तवरा घेतलान."

आज डॉक्टर गाठीचा तुकडा बाटलीत भरत होता, परदेशी तपासायला पाठवायला. मी सातवी नापास, तरी विचारलं, हे होतं कशानं? तो केरळचा, हिंदीत सांगतो. आतड्याच्या पेशीत जीन म्हणून असतात, वाढायचं कधी आणि थांबायचं कधी ते सांगणारे. त्यातले काही बिघडले की पेशी थांबतच नाही. माणसाच्या गाठीतपण कधी कधी तेच जीन बिघडलेले सापडतात. मी म्हटलं, मग एकाचं दुसऱ्यानं घेतलं, असं होतं का? तो हसला. "अरे, कौन किसका लेगा? सबका अपना-अपना बिगडता है."

म्हणजे त्यानं तुझं काही घेतलं नव्हतं, बाबा. त्याचं त्याला होतं, तुझं तुला.

हे आयला कळवणार नाही. तिला वाचता येत नाही, शेजारची पोरगी वाचून दाखवेल आणि मग अवसेची भाकरी कुणासाठी ठेवायची? तुझा तर पत्ताच नाही. कागद गादीखाली राहील.

एक सांगायचं राहिलं. दोन महिने माझ्यापण पोटात अन्न ठरत नाही. उद्या दुर्बिणीची तारीख हाय. संध्याकाळी तो कुत्रा मेला, पिंजरा मीच धुतला. एवढं सगळं कळून पण, बाबा, मला हलकं वाटलं.