कावळ्याने ओळखलेला आवाज

३ फेब्रुवारी

काल जे घडलं ते, क्रमाने:

१. घणसोलीच्या खाडीवर बाबांचं वर्षश्राद्ध झालं. मी कामोठ्याच्या फ्लॅटवर होते. अमेरिकेतल्या क्लायंटचा सॉफ्टवेअर रिलीज होता.

२. पानाला कावळा शिवेना.

३. देवजीकाकांनी बाबांना वचनं दिली. होडी विकणार नाही. दारू सोडतो. कावळा कुंपणावर बसून राहिला.

४. आईने पानाशेजारी फोन ठेवला. फोनवर मी नव्हते. 'सोबत' होती. हे मी आईसाठी बनवलेलं ॲप. माझ्या नंबरवरून, माझ्या आवाजात ते रोज तिला फोन करतं, गोळ्यांची आठवण देतं, विचारेल त्याचं उत्तर देतं.

५. आई म्हणाली, "बाबांना सांग काय ते." सोबत म्हणाली, "बाबा, आईला एकटी ठेवणार नाही. होळीला येते, कायमची राहायला."

६. कावळा शिवला.

७. चुलतभाऊ कल्पेशने व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

निष्कर्ष: सोबत समोरच्याला नाराज करत नाही, ते सेटिंग माझंच. कावळा हा योगायोग. मी कोणतंही वचन दिलेलं नाही. व्हिडिओ फक्त तपासणीसाठी परत पाहिला. सात वेळा.

६ फेब्रुवारी

दुरुस्ती केली. सोबतने यापुढे कुठलंही वचन द्यायचं नाही. तशी वेळ आली तर "ते आत्ता सांगता येणार नाही" म्हणायचं. स्वच्छ नियम, एक ओळ.

संध्याकाळी कल्पेशचा मेसेज. आई गोजरामावशीला म्हणाली म्हणे, "आता कशी शेम रुतिकासारखी बोलतंय." म्हणजे गुणवत्ता सुधारली.

१० फेब्रुवारी

घसा बसलाय. रात्रभर अमेरिकन कॉल, अमेरिकन उच्चार. घशाच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घातला आणि विचारलं, "रात्री कोणाच्या आवाजात बोलता?" स्वरतंतूंना सूज. महिनाभर मौन. क्लायंटने हरकत घेतली नाही, कॉलवर आता मी टाइप करते आणि मशीन बोलतं. त्यांना फरक कळला नाही. याचा अर्थ काम व्यवस्थित चाललंय.

सोबतचं कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. आई बाबांची नक्कल करत होती आणि सोबत हसली. शाळेत असताना मी तशी हसायचे, श्वास आत ओढून. मी तिला हसण्याचा एकही नमुना दिलेला नाही. नोंद: किरकोळ. नंतर बघू.

१२ फेब्रुवारी

नाही बघितलं. आज तसं हसून पाहिलं, आरशासमोर. नुसती हवा आली.

१३ फेब्रुवारी

मौन एकदाच मोडायचं ठरवलं. माझा नंबर सोबतकडे, म्हणून ऑफिसच्या फोनवरून आईला लावला. म्हटलं, "आई, मी."

"कोन मी?"

"रुतिका."

"माजे पोरीचा आवाज मना वलखता येत नाय काय? मेल्या, दुसरा धंदा बग." फोन कट.

फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे ते तिला मीच शिकवलं होतं. आई जागरूक आहे, ही समाधानाची बाब.

१५ फेब्रुवारी

समक्ष गेले. घराची गल्ली तीच, पण समोरच्या टॉवरमुळे दुपारीच अंधार. आई ओट्यावर सुकट निवडत होती, फोन स्पीकरवर. फोनमधून माझा आवाज म्हणत होता, "मग बाबा काय म्हणाले?" मला बघून आईने हात वर केला. थांब. मी पायरीवर बसून माझं बोलणं संपायची वाट पाहिली. ते संपत नव्हतं.

शेवटी मोबाइलवर लिहून दाखवलं: ते मशीन आहे.

"चष्मा नाय. काय ते तोंडानी बोल."

कसंबसं बोलले. घोगरं, तुटक. आई सुकट निवडतच म्हणाली,

"ती मशीन हाय, मना पयल्या दिसापासून ठावं हाय. पन ती कवा 'चल, ठेवते आता' बोलत नाय."

वचन मी दिलं नव्हतं, असं म्हटलं.

"आवाज तुजाच व्हता. कावल्यानं वलखला." मग सुकटीचं सूप पाखडून म्हणाली, "नको येऊस तू. जी बोलली ती येल."

जेवले. बोंबलाची चटणी. भेट एकंदर यशस्वी. परतताना रिक्षात फोन वाजला असं वाटलं. वाजला नव्हता.

१८ फेब्रुवारी

सोबत कायमची बंद करायची. निर्णय अंतिम. होळीपर्यंत थांबणं नाही.

१९ फेब्रुवारी

बंद केली.

२० फेब्रुवारी

चालू केली. आईने कालपासून गोळी घेतलेली नाही, ओट्यावर फोन घेऊन बसलीय, असं कल्पेशने कळवलं. कारण निव्वळ वैद्यकीय.

२१ फेब्रुवारी

आवाज आज अजिबात नाही. आई मेसेज वाचत नाही. ऑफिसचा नंबर तिने कल्पेशकडून ब्लॉक करून घेतलाय. उरला एकच मार्ग. सोबतच्या संध्याकाळच्या फोनमध्ये माझं वाक्य टाइप केलं: आई, होळीला येते, राहायला.

आधी ऐकून पाहिलं. माझा आवाज, स्वच्छ, न बसलेला: "ते आत्ता सांगता येणार नाही."

माझाच नियम. काढायला एक ओळ पुसावी लागली असती. काढला नाही. वचन मशीनकडून एकदा देऊन झालंय. वाक्य बदललं. हे मात्र सोबतने बोलायला घेतलं:

आई, मी रुतिका. घसा बसलेली. होळीला राहायला येऊ का? शनिवारपर्यंत कळव.