ग्रंथालयातलं सहावं डोकं

मार्च, पहिला दिवस.
रस्त्यात ओपेलियस भेटला. माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात कच्चा, म्हणून नगराध्यक्ष झाला. म्हणाला, "मास्तर, नव्या ग्रंथालयात विद्वानांची संगमरवरी डोकी बसवतोय. पाच तयार आहेत. सहाव्यासाठी तुमचा चेहरा लागेल." तीस वर्षं वक्तृत्व शिकवलं, त्याचं चीज झालं. 'बघतो, वेळ मिळाला तर' असं शांतपणे म्हणालो. पण त्याआधी 'उद्याच येऊ का?' हे तोंडून गेलं होतं.

मार्च, दुसरा दिवस.
होस्टिलियाला सांगितलं. ती मसूर निवडत होती. म्हणाली, "अहो, तिथे तुमचं नावही घालणार आहेत ना? विचारलंत का?" बायकोला संगमरवरातलं काही कळत नाही.

मार्च, पाचवा दिवस.
संकल्प केला. दाढी वाढवायची, रोज चिंतन करायचं आणि कमी बोलायचं.

मार्च, नववा दिवस.
दाढी खाजते. त्यामुळे चिंतन होत नाही. कमी बोलण्याचे फायदे होस्टिलियाला दुपारभर समजावून सांगितले.

मार्चचे इड्स, म्हणजे पंधरावा दिवस.
शाळा बंद केली. ज्याचं डोकं ग्रंथालयात लागणार त्याने पोरांकडून विभक्त्या घोकून घेणं शोभत नाही. अकराच्या अकरा विद्यार्थी पलीकडच्या गल्लीतल्या मुनेशियसकडे गेले. हा परवाचा पोरगा, स्वतःला वक्ता म्हणवतो. जाताना एकही विद्यार्थी रडला नाही. फार मोठं दुःख असलं की असंच होतं.
होस्टिलियाने विचारलं, "आता खायचं काय?" मी म्हणालो, नगराला आपल्या विद्वानांची काळजी असते. तिने पातेलं जरा जोरात आपटलं.

मार्च, एकविसावा दिवस. सकाळी.
झेनास नावाच्या ग्रीक शिल्पकाराकडे पहिली बैठक. दगडाची धूळ नाकातोंडात. त्याला लांब वाक्याच्या रचनेबद्दल सांगत होतो. चार वेळा म्हणाला, "मास्तर, तोंड मिटा, ओठ मापतोय." शेवटी म्हणाला, "तुम्ही गप्प असलात ना, की फार समंजस दिसता." माणूस पारखी आहे.

एप्रिल, दुसरा दिवस.
होस्टिलिया हवापालटासाठी नोलाला गेली, आमच्या मुलीकडे, ट्रेबियाकडे. माग, मोठी पातेली आणि माहेरून आणलेले दोन देव सोबत नेले. हवापालट लांबणार असं दिसतं.
गाडीत बसताना म्हणाली, "तेहेतीस वर्षं तुमचं ऐकतेय. मी आजवर काय बोलले, त्यातलं एक तरी सांगा, मी उतरते." उत्तर माझ्याकडे होतं. पण तिच्या वाक्याची रचना जरा सैल होती, ती आधी नीट करून दाखवली. तोवर गाडी सुटली.

मे, सहावा दिवस.
अनावरण. दोन तासांचं भाषण तयार केलं होतं. पडदा सरकला. माझंच कपाळ, माझंच नाक, माझी दाढी. खाली अक्षरं: मिलेटसचा थेलीस. शेकडो वर्षांपूर्वी मेलेला ग्रीक तत्त्वज्ञ.
ओपेलियसला बाजूला घेऊन सांगितलं, खोदणाऱ्याने घोळ घातलाय.
"घोळ कसला, मास्तर?" तो म्हणाला. "थेलीस कसा दिसायचा हे कुणालाच ठाऊक नाही. झेनासला एक म्हातारा हवा होता, तासन् तास बसून राहील असा. गावात तुमच्याइतका मोकळा वेळ कुणाकडे आहे?"
मग मुनेशियस बोलला. थोडकंच बोलला. लोकांना आवडलं.

मे, सातवा दिवस.
नाव गौण असतं. चेहरा बघून लोक ओळखतीलच. दिवसभर त्या डोक्याखाली उभा राहिलो, तोंड त्याच बाजूला वळवून. संध्याकाळी एक माणूस म्हणाला, "आजोबा, जरा सरका, थेलीस दिसत नाही."

जून, तिसरा दिवस.
शाळा पुन्हा उघडून वीस दिवस झाले. एकही विद्यार्थी नाही. ओपेलियसने ग्रंथालयात जागा दिली. देखरेखीची. म्हणजे रोज सकाळी सहाही डोकी ओल्या स्पंजाने पुसायची. थेलीसला दोनदा पुसतो.

जुलै, अकरावा दिवस.
होस्टिलिया आली होती. ट्रेबियाबरोबर बाजाराला आली, तशीच ग्रंथालय बघायला. मी पाचव्या डोक्यामागे वाकून त्याची मान पुसत होतो, त्यामुळे त्यांना दिसलो नाही.
ट्रेबिया सहाव्यापाशी थांबली. "आई, हा अगदी बाबांसारखा दिसतो बघ."
होस्टिलियाने बराच वेळ बघितलं. "नाही गं," ती म्हणाली. "हा ऐकून घेणारा वाटतो. ह्याच्याशी संसार झाला असता."
मी पुढे झालो. तिने मला पाहिलं. हातातली टोपली खाली ठेवली आणि थांबली. बहुधा मी काहीतरी विचारीन म्हणून.
मी तिला थेलीसची माहिती सांगितली. जन्म, प्रवास, ग्रहणाचं भाकीत, त्याची मतं, त्या मतांवरचे आक्षेप, आक्षेपांना माझी उत्तरं. काही सोडलं नाही. चांगलं जमून आलं होतं.
संपलं तेव्हा दोघी निघून गेल्या होत्या.