सातवीच्या पुस्तकातून काढलेला धडा

३ मार्च
धडा काढला. माझा धडा! सातवीच्या नव्या पुस्तकातून अख्खा उचलून बाहेर. आणि काढला कोणी — डेल्मानं.

पुस्तक समितीच्या बैठकीत माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा विषय आपल्या रीतीभातीत बसत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. रीतीभाती! लुफाच्या डोंगरांत चिखल तुडवत, मुली शाळा का सोडतात हे विचारत हिंडलो ते आम्ही दोघीच. नेरी नावाची पोर हेडमास्तरानं काय केलं ते सांगता सांगता रडायला लागली, तेव्हा तिला पोटाशी धरून बसली होती ती हीच डेल्मा. मास्तरानं अंगाला हात लावला तर काय करायचं, कोणाला सांगायचं — एवढंच तर होतं त्या धड्यात.

कॉलेजात किती वर्षं शिकवतेय, अभ्यासक्रमाची किती कामं केली. पण मनापासून केलेलं काम हे एकच. समितीचं अध्यक्षपद डेल्माला मिळावं म्हणून सगळ्यांशी भांडले. "एक तरी बाई बसू दे त्या खुर्चीत!" बसली.

४ मार्च
नवऱ्यानं, जेथ्रोनं, रताळी भाजून पुढ्यात ठेवली. काल जेवलेच नव्हते. निवडणुकीला उभा आहे, दम घ्यायला वेळ नाही, तरी घरी थांबला. धडा लिहिताना पानन् पान याला वाचून दाखवलंय. म्हणाला, "खुर्ची मिळाली की माणसं बदलतात. सोड आता, आनेथ."

कशी सोडू?

६ मार्च
डेल्मा बाजारात भेटली, सुपारीवाल्या बायकांपाशी. तोंड फिरवलं मी. तिनं हात धरला.
"धडा गेला, पुस्तक तरी राहिलं ना?"
"कोणी सांगितलं काढायला?"
"सगळंच विचारू नये गं."
"मग माझ्याशी बोलूही नकोस!"
सुपारीवाली म्हातारी लाल तोंडानं हसली — "भांडा, भांडा. गिऱ्हाईक जमतंय माझ्याकडे!"
एरवी दोघी हसलो असतो.

९ मार्च
वर्गावर गेले. काय शिकवलं, आठवत नाही.

११ मार्च
नेरीची आई आली. डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या झोळीत कोबी. बसायला तयार नाही. उभ्या उभ्याच — "बाई, हेडमास्तर गावभर सांगत फिरतोय. म्हणतो, शहरातल्या शिकलेल्या बायांनीसुद्धा ते पुस्तकातून काढून टाकलं, म्हणजे तुझी पोर खोटारडी. पाण्याला गेली की पोरं थुंकतात तिच्यावर. तुम्हीच म्हणाला होतात ना, बोल, घाबरू नकोस?"

म्हणाले होते. 

जाताना कोबी माझ्याच ओट्यावर ठेवून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च
डेल्माच्या खोलीत घुसले. कारकून, शिपाई, सगळ्यांसमोर ओरडले. "त्या पोरीला विकलंस तू! काय मिळालं गं तुला?"
ती खुर्चीतून उठून माझ्याजवळ आली.  हळूच म्हणाली — "तुझं घर वाचवत होते मी, वेडे."
माझं घर?
 मला बाहेर काढून दार लावून घेतलं.

१३ मार्च
जेथ्रोला सांगितलं तिचं बोलणं. म्हणाला, "बायकांची भांडणं माझ्यापर्यंत आणू नकोस." असं कधी बोलत नाही तो.

१४ मार्च
सकाळी डेल्मा दारात. आत ये म्हटलं नाही. तिथूनच बोलली.
"जेथ्रो आला होता माझ्याकडे. त्याच्या कुळातले दोन म्हातारे घेऊन. हेडमास्तर त्यांच्यातलाच, त्या सगळ्या खोऱ्याची मतं त्याच्या हातात. जेथ्रो म्हणाला, धडा छापलात तर आनेथला घराबाहेर काढीन. आणि तिला हे कळता कामा नये."
आत रेडिओ चालू होता. बंद झाला. जेथ्रो बाहेर आला नाही.
कपडे भरले. नेरीच्या गावची गाडी दुपारी सुटते. हेडमास्तराविरुद्ध तक्रार द्यायला पोलीस चौकीत तिच्या आईबरोबर आम्ही दोघी असणार — मी आणि डेल्मा.